वॉर्डातला विनोद

अमेरिकेतल्या युटा राज्यात, सॉल्ट लेक सिटीच्या विमानतळावर, प्रवासी बाहेर येतात त्या वाटेवर, फक्त घ्यायला आलेल्या लोकांसाठी म्हणून एक ऐसपैस दालन आहे. 2020 साली नवीन टर्मिनल उघडलं तेव्हा ते मुद्दाम बांधलं, कारण जुन्या इमारतीत या लोकांची इतकी झुंबड उडायची की बाकीच्या प्रवाशांना सामानाच्या पट्ट्यापर्यंत पोचणं मुश्कील व्हायचं. ही बहुतेक माणसं मिशनवरून परतणाऱ्या पोरांच्या घरची. मॉर्मन (युटात बहुसंख्य असलेला एक ख्रिस्ती पंथ) घरातला मुलगा अठरा-एकोणीस वर्षांचा झाला की दोन वर्षं धर्मप्रसाराला जातो, मुलगी गेली तर दीड वर्ष. कुठे जायचं ते चर्च ठरवतं. ब्राझील, घाना, फिलिपिन्स, नाहीतर शेजारचंच आयडाहो. आणि पोरगं परत येतं त्या दिवशी आईबाबा, भावंडं, आजीआजोबा, चर्चच्या स्थानिक मंडळातली चार माणसं, फुगे, हाताने रंगवलेले फलक असा सगळा लवाजमा विमानतळावर हजर असतो. गडद सूट, पांढरा शर्ट, खिशावर नावाची काळी पट्टी, अशा वेशातला तो मुलगा लांबून दिसला की जो कल्ला होतो, तो एकदा ऐकला की विसरत नाही.

2003 साली आलेल्या 'द आर. एम.' या सिनेमात असाच एक मुलगा मिशन संपवून परत येतो आणि त्याला घ्यायला कुणीही आलेलं नसतं. घरी जावं तर घरच्यांनी बिऱ्हाड दुसरीकडे हलवलेलं. वाट बघेन म्हणालेल्या मुलीचं दुसऱ्याशी ठरलेलं. आर. एम. म्हणजे रिटर्न्ड मिशनरी. युटामध्ये लग्नाच्या बाजारात या दोन अक्षरांना मोठा भाव आहे. ज्याला हे माहीत आहे, ज्याने स्वतः ते फलक रंगवलेत, त्याला रिकाम्या विमानतळावर उभा असलेला तो मुलगा बघून हसू आवरत नाही. बाकीच्यांना तो एक गाडी चुकलेला माणूस वाटतो.

मी बाकीच्यांपैकी. आम्ही युटात आलो ते नवऱ्याच्या नोकरीमुळे. लीहाय गावाच्या आसपास सॉफ्टवेअर कंपन्यांची रांग लागली आहे, त्या निमित्ताने बरीच मराठी घरंही इकडे आली. आमच्या गल्लीत मात्र आम्ही सोडून जवळपास सगळे एकाच वॉर्डाचे. वॉर्ड म्हणजे त्यांचं स्थानिक मंडळ. नकाशावर रेघा मारून हद्द ठरवलेली असते, त्या हद्दीत राहणाऱ्याने त्याच वॉर्डात जायचं, आवडीचं चर्च निवडायची सोय नाही. बिशपला, म्हणजे वॉर्डाच्या प्रमुखाला, पगार नसतो. आमच्या वॉर्डाचे बिशप आठवडाभर दातांचा दवाखाना चालवतात आणि रविवारी बिशप असतात. शेजारच्या काकू (वॉर्डात त्यांना सगळे 'सिस्टर' म्हणतात, मी पहिल्यापासून काकूच म्हणत आले) माझ्याकडे येतात तेव्हा चहा घेत नाहीत, कॉफीही नाही, दोन्ही त्यांच्या धर्मात वर्ज्य. मी त्यांना कोकम सरबत देते, त्या मला पाव आणून देतात. या काकूंच्या तळघरात मी 'द आर. एम.' आणि त्याच्यासारखे, मॉर्मन लोकांनी स्वतःवरच काढलेले विनोदी सिनेमे पाहिले.

ते तळघर पाहण्यासारखं आहे. एका भिंतीला छतापर्यंत फळ्या, त्यावर गहू, ओट्स, दुधाची भुकटी, वाळवलेली सफरचंदं यांचे सीलबंद डबे, प्रत्येकावर मार्करने वर्ष लिहिलेलं. अडीअडचणीसाठी घरात शिधा साठवून ठेवावा ही चर्चची जुनी शिकवण. दुसऱ्या भिंतीला टीव्ही, समोर जुना सोफा आणि चर्चच्या हॉलमध्ये असतात तसल्या घडीच्या लोखंडी खुर्च्या. सोमवारी संध्याकाळी घरच्यांनी एकत्र बसायचा त्यांचा रिवाज आहे. त्या संध्याकाळी प्रार्थना, गाणं, थोडं वाचन आणि मग खाणं. अधूनमधून आम्हालाही बोलावणं यायचं आणि खाणं झालं की काकू डीव्हीडीच्या खोक्यातून काहीतरी काढायच्या. त्या खोक्यात निम्मे सिनेमे असे होते, जे युटा, आयडाहो आणि ॲरिझोनाच्या काही गावांबाहेर फारसे कुणी पाहिलेले नाहीत.

या सिनेमांची लाट कशी आली ते सांगायला हवं. मॉर्मन माणसं पडद्यावर फार आधीपासून आहेत, पण ती दुसऱ्यांनी दाखवलेली. 1911 साली डेन्मार्कमध्ये एक मूकपट निघाला, त्यात मॉर्मन धर्मप्रसारक एका मुलीला फूस लावून युटाला पळवून नेतो. तो इतका चालला की तसल्याच आणखी फिल्मा निघाल्या, आणि युटाच्या गव्हर्नरने निषेधही नोंदवला. पुढची कितीतरी दशकं बाहेरच्यांच्या लेखी मॉर्मन म्हणजे अनेक बायकांचा नवरा, बस्स. चर्चने 1890 साली बहुपत्नीत्व सोडल्याचं जाहीर केलं, पण विनोद तिथेच अडकून राहिला. चर्चचे स्वतःचे सिनेमे होते. प्रोव्हो शहरातल्या, चर्चच्याच ब्रिगम यंग विद्यापीठाच्या स्टुडिओत ते बनायचे, पण ते शिकवणीचे. घरातली माणसं आपसात कशी बोलतात, कशावरून कुरकुरतात, हे त्यात येणं शक्य नव्हतं.

2000 साली रिचर्ड डचर या दिग्दर्शकाने 'गॉड्स आर्मी' काढला. लॉस एंजेलिसमधल्या मिशनरी पोरांची गोष्ट, सुमारे तीन लाख डॉलरांत केलेली. विनोदी नाही, गंभीर आहे. त्याने अमेरिकेत पंचवीस लाखांच्या वर धंदा केला आणि युटातल्या सगळ्या होतकरू पोरांना एक गणित कळलं. त्या वर्षीच्या जनगणनेत युटाची लोकसंख्या बावीस लाख होती, त्यातले बहुसंख्य मॉर्मन आणि त्यातले बहुसंख्य ऑग्डेनपासून प्रोव्होपर्यंतच्या एका डोंगरकडेच्या पट्ट्यात. म्हणजे दीडदोन तासांच्या गाडीप्रवासात सगळा प्रेक्षकवर्ग. सिनेमा स्वस्तात केला आणि त्या पट्ट्यातल्या लोकांना 'हे आपलं आहे' असं वाटलं, तर हॉलिवूडच्या दारात जायची गरज नाही.

हा प्रेक्षक सिनेमाला भुकेला होता, हेही खरं. 1986 साली चर्चचे अध्यक्ष एझ्रा टाफ्ट बेन्सन यांनी तरुणांना सांगितलं होतं की 'आर', म्हणजे मोठ्यांसाठीच्या, प्रमाणपत्राचे सिनेमे बघू नका. बऱ्याच घरांनी तो शब्द मोठ्यांसाठीही धरला. 1998 मध्ये अमेरिकन फोर्क गावातल्या एका व्हिडिओ दुकानाने लोकांच्या स्वतःच्या 'टायटॅनिक'च्या कॅसेटमधले नको ते प्रसंग पाच डॉलरांत कापून द्यायला सुरुवात केली, आणि तिथे रीघ लागली. पुढे कापाकापी केलेले सिनेमे विकणाऱ्या कंपन्याच उभ्या राहिल्या, 2006 साली कोर्टाने ते बंद पाडेपर्यंत. ज्या गावात लोक पाच डॉलर देऊन सिनेमा कापून घेतात, तिथे न कापता घरच्यांबरोबर बसून हसता येईल असा सिनेमा कुणी काढला तर तो चालणारच होता.

कर्ट हेल आणि डेव्ह हंटर यांनी तो काढला. त्यांची कंपनी हेलस्टॉर्म एंटरटेनमेंट, आणि पहिला सिनेमा 'द सिंगल्स वॉर्ड'. 2002 च्या सुरुवातीला, सॉल्ट लेकमध्ये हिवाळी ऑलिंपिक भरायच्या सुमाराला तो लागला. अविवाहित तरुणांसाठी वेगळे वॉर्ड असतात. त्यात धर्माइतकंच लग्न जुळवणंही चालतं आणि तसं कुणी लपवत नाही. नायक घटस्फोट झालेला आहे, म्हणजे त्या वॉर्डातला सगळ्यात अवघडलेला माणूस. चर्चला जाणं त्याने सोडलंय. आणि तो व्यवसायाने स्टँडअप कॉमेडियन आहे, मॉर्मन लोकांवर विनोद करून पोट भरणारा.

या एका निवडीसाठी मी कर्ट हेलला मनापासून दाद देते. आपल्याच माणसांवर विनोद करणाऱ्या माणसाचा सिनेमा, आणि तोही आपल्याच माणसांसाठीचा विनोदी सिनेमा! नायकाला ज्या मुलीविषयी ओढ वाटते, ती त्याचा कार्यक्रम बघते आणि दुखावते. तो विनोद तोच असतो, जो वॉर्डातल्या जेवणावळीत कुणी केला तर सगळे पोट धरून हसले असते. पण तो बारमधल्या परक्या लोकांपुढे झालेला असतो. माझ्या मते या सगळ्या लाटेचा प्रश्न तिथे एका प्रसंगात मांडून ठेवलाय. हसायला कुणाला बसवलंय, यावर तो विनोद आपला की आपल्यावरचा हे ठरतं. काकूंना त्या प्रसंगात हसू आलं नाही. त्या गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "माझा धाकटा कॉलेजात असताना असंच करायचा." पुढे काही बोलल्या नाहीत.

त्याच सिनेमातली गाणी मात्र काकूंना फार आवडतात. ती गाणी म्हणजे चर्चची भजनं आणि लहान मुलांच्या वर्गातली गाणी, पण गिटार आणि ड्रमच्या दणक्यात, पंक बँडच्या थाटात गायलेली. तीन वर्षांचं मूल वर्गात जायला लागतं तेव्हापासून ते ही गाणी म्हणत असतं. काकूंनी स्वतः बरीच वर्षं तो वर्ग घेतलाय. पहिल्या ओळीला त्यांच्या भुवया वर गेल्या, दुसऱ्या ओळीला पाय ताल धरायला लागला आणि कडव्यापर्यंत त्या मोठ्याने गात होत्या. मला त्यात एक वेगवान गाणं ऐकू येत होतं. त्यांना काय काय ऐकू येत होतं, त्याचा अंदाज मी त्यांच्या तोंडाकडे बघून बांधत होते.

'द आर. एम.' हाही हेलस्टॉर्मचाच. आता त्यांचा 'द होम टीचर्स'. 2004 चा. चित्रपट म्हणून पाहिलं तर तो या तिघांत सगळ्यात कच्चा आहे. पडणं-धडपडणं फार आणि शेवट ओढलेला. तरी मला तोच सगळ्यात जवळचा वाटतो. होम टीचिंग ही पद्धत अशी होती की वॉर्डातल्या प्रत्येक घराला दोन पुरुष नेमून दिलेले. त्यांनी महिन्यातून एकदा त्या घरी जायचं, विचारपूस करायची, त्या महिन्याचा संदेश वाचून दाखवायचा, काही हवं-नको बघायचं. महिनाअखेरीला वर आकडा कळवायचा, इतक्या घरांपैकी इतकी झाली. आणि माणूस सगळीकडे सारखाच, त्यामुळे पहिले तीन आठवडे कुणी फिरकायचं नाही आणि शेवटच्या तारखेला टाय लावलेल्या पुरुषांच्या जोड्या गल्लीगल्लीत धावत असायच्या. सिनेमा त्या एका शेवटच्या दिवसाचा आहे. एकाला घरी बसून फुटबॉल बघायचाय, दुसरा नियमाने चालणारा, आणि घरं सगळी बाकी.

काकूंच्या यजमानांनी होम टीचर म्हणून उभी हयात घालवली. ते फार बोलत नाहीत. सिनेमा चालू असताना त्यांनी मला एक एक तपशील सांगितला. दारावरची बेल वाजवण्याआधी गाडीत बसून संदेश एकदा नजरेखालून घालायचा, म्हणजे पाठ केल्यासारखा वाटतो. ज्या घरी कुत्रा आहे तिथे कोणत्या खिशात काय ठेवायचं. विधवा बाईच्या घरी आधी गटार तुंबलंय का बघायचं, संदेश नंतर. ज्या घरचा मुलगा चर्च सोडून गेलाय, तिथे मुलाचं नाव आपण काढायचं नाही, आईने काढलं तर उठायची घाई करायची नाही. सिनेमात यातलं थोडंच होतं. पण ते थोडं दिसलं म्हणून बाकीचं त्यांना आठवलं आणि त्यांनी ते आपण होऊन मला सांगितलं. एरवी ज्या माणसाशी माझं बोलणं बर्फ कधी वितळेल याच्यापुढे जात नव्हतं, त्या माणसाकडून मला त्या संध्याकाळी अख्ख्या वॉर्डाची नाडी कळली.

म्हणून 'हे सिनेमे बाळबोध आहेत' असं कुणी म्हटलं की मला वाईट वाटतं. बाळबोध आहेत खरे. प्रकाशयोजना सपाट, नट बरेचसे हौशी, काही विनोद दोनदा सांगितलेले. पण बारकावे खरे आहेत. चर्चच्या इमारतीतला बास्केटबॉलचा हॉल, भजनाच्या दालनाला घडीच्या भिंतीने जोडलेला, गर्दी झाली की भिंत सरकवायची आणि लोखंडी खुर्च्या मांडायच्या. हिरवी जेली. (युटाच्या विधिमंडळाने 2001 साली जेल-ओ हा राज्याचा अधिकृत खाऊ म्हणून ठराव केला, आणि ऑलिंपिकच्या वेळी हिरव्या जेलीचे बिल्ले लोकांनी गोळा केले.) कुणाकडे मयत झालं की पोचणारी ती बटाटा-चीजची भाजलेली परात, वर कॉर्नफ्लेक्सचा चुरा. शिवी द्यायची नाही म्हणून शिवीच्या जागी वापरायचे 'हेक', 'फेच', 'फ्लिप' हे शब्द. विल स्वेन्सन या नटाने स्वतः दिग्दर्शित केलेल्या 'सन्स ऑफ प्रोव्हो'त एक सोज्वळ बॉय बँड आहे आणि त्यांचं एक गाणंच या बदली शिव्यांवर आहे. स्वेन्सन मूळचा नाटकवाल्या घरातला. त्याची आजी रूथ हेल हिने आजोबांबरोबर नाट्यगृह काढलं, ढिगाने विनोदी नाटकं लिहिली, आणि त्या घराण्याची नाट्यगृहं युटात आजही भरलेली असतात. तो पुढे ब्रॉडवेवर गेला आणि तिथे मोठा झाला. तेव्हा हा विनोद कुठून तरी उपटला असं नाही. त्याच्यामागे दोन-तीन पिढ्यांची रंगभूमी आहे, आणि तिथला प्रेक्षक शनिवारी रात्री सहकुटुंब नाटकाला जाणारा आहे.

या लाटेवर सगळ्यात कडक टीका घरातूनच झाली. डचरला ही विनोदी वाट पसंत नव्हती. त्याला वाटायचं की आपल्या धर्मातले खरे, दुखरे प्रश्न पडद्यावर यावेत: शंका, पाप, मृत्यू. 2005 मध्ये त्याने 'स्टेट्स ऑफ ग्रेस' केला, माझ्या मते या सगळ्यातला सगळ्यात ताकदीचा सिनेमा, आणि तो फारसा चालला नाही. 2007 साली प्रोव्होच्या दैनिकात त्याने जाहीर पत्र लिहून चर्चचा आणि मॉर्मन सिनेमाचा निरोप घेतला. चर्चच्या वरिष्ठांना काय आवडेल याचा विचार करून सिनेमे काढणं थांबवा, असं त्याने मागे राहणाऱ्यांना सांगितलं. त्याचं म्हणणं मी पुन्हा पुन्हा मनात घोळवलंय. कारागिरीबद्दल तो बरोबर होता. पण विनोद म्हणजे खरे प्रश्न टाळणं, असा त्या भूमिकेचा जो सूर आहे तो मला पटत नाही. रिकाम्या विमानतळावर उभा असलेला तो मुलगा हा खरा प्रश्न आहे. दोन वर्षं जग बदलून येईन म्हणून गेलेल्या पोराला परत आल्यावर कळतं की आपल्याशिवाय सगळ्यांचं ठीक चाललंय. आमच्या गल्लीत परतलेली मुलं पहिले काही महिने कशी सैरभैर असतात, सूट काढून ठेवल्यावर हातांचं काय करायचं ते त्यांना कसं कळत नाही, हे मी बघितलंय. त्याच्यावर रडवणारा सिनेमा निघाला असता तर त्यांनी तो कदाचित पाहिलाही नसता. हसवणारा निघाला म्हणून आईने आणि मुलाने एका सोफ्यावर बसून पाहिला.

लाट ओसरली ती मात्र वेगळ्या कारणाने, निदान मला तसं वाटतं. हेलस्टॉर्मच्या पहिल्या दोन सिनेमांनी प्रत्येकी दहा लाख डॉलरांच्या वर धंदा केला, त्यावर सगळेच तुटून पडले. दोन-तीन वर्षांत इतके सिनेमे आले की प्रेक्षक दमला. डीव्हीडी चर्चच्या 'डेझरेट बुक' या दुकानात येईल तेव्हा घेऊ, असं घरोघरी म्हणायला लागले. मग निर्मात्यांनी प्रेक्षक वाढवायचं ठरवलं. 2006 च्या 'चर्च बॉल'मध्ये फ्रेड विलार्ड आणि गॅरी कोलमनसारखी बाहेरची नावाजलेली नावं आणली, खर्च वाढवला. विषय अस्सल होता. वॉर्डावॉर्डांमधल्या बास्केटबॉलविषयी इथे म्हण आहे की प्रार्थनेने सुरू होणारी मारामारी म्हणजे चर्च बॉल, आणि त्या हॉलमध्ये भल्या भल्या सज्जन माणसांचा तोल गेलेला सगळ्यांनी पाहिलेला असतो. पण सिनेमा बाहेरच्यालाही कळावा म्हणून सोपा केला, नेहमीच्या हरणाऱ्या संघाच्या गोष्टीत बसवला. बाहेरचा आला नाही आणि घरच्याला आपलं घर ओळखू येईना. धंदा पाच लाखांच्याही आत राहिला.

याच्या उलट उदाहरण त्याच मातीतलं आहे. ब्रिगम यंग विद्यापीठात शिकणाऱ्या जॅरेड हेसने आयडाहोच्या प्रेस्टन गावात, चार लाख डॉलरांत, जॉन हेडर या सहाध्यायाला घेऊन 'नेपोलियन डायनामाइट' केला. 2004 साली युटातल्याच पार्क सिटीमध्ये, सनडान्स महोत्सवात तो दाखवला गेला, एका मोठ्या स्टुडिओने उचलला आणि अमेरिकेत चार कोटी डॉलरांच्या वर गेला. त्यात चर्चचं नाव एकदाही येत नाही. पण गॉश आणि फ्लिपिन म्हणणारी पोरं, जुन्या कपड्यांच्या दुकानातला तपकिरी सूट, खिशात लपवलेले बटाट्याचे गोळे, लामा पाळणारी आजी, काहीही न घडणाऱ्या दुपारी, हे सगळं त्या प्रदेशाचं आहे आणि त्यातलं एकही समजावून सांगितलेलं नाही. जगाने ते जसंच्या तसं घेतलं. हेसने फक्त पाटी काढली, घर तसंच ठेवलं. 'चर्च बॉल'वाल्यांनी पाटी ठेवली आणि घर बदललं.

इथे माझ्या डोळ्यांसमोर आमचाच गणपती येतो. इथली मराठी मंडळी शाळेचा हॉल भाड्याने घेऊन दरवर्षी एखादं छोटं नाटुकलं बसवतात. गेली काही वर्षं अमराठी सुना-जावई येतात म्हणून संवादांमध्येच अर्थ सांगायची पद्धत पडलीय. पात्र आधी बोलतं, मग तेच इंग्रजीत फोडून सांगतं. सगळ्यांना कळतं आणि कुणीच हसत नाही. ज्या वर्षी एका जुन्या मेंबराने हट्टाने अस्सल सदाशिव पेठी भांडण लिहिलं, अर्थबिर्थ काही नाही, त्या वर्षी अमराठी जावईसुद्धा हसले. काय चाललंय ते कळलं नसेल, पण बायकोच्या माहेरची सगळी माणसं एकदम का फुटली ते त्यांना बघायला मिळालं.

बाहेरून मॉर्मन लोकांवर केलेला विनोद म्हटलं की जगाला 2011 ची 'द बुक ऑफ मॉर्मन' ही ब्रॉडवेची संगीतिका आठवते, चर्चच्या धर्मग्रंथाचंच नाव घेतलेली. त्यावर चर्चने संताप केला नाही, उलट पुढे लॉस एंजेलिसच्या प्रयोगात कार्यक्रमपत्रिकेत जाहिरात दिली की नाटक पाहिलंत, आता ग्रंथ वाचा. मोठ्या मनाची ती गोष्ट होती. पण काकूंशी बोलताना जाणवतं की त्यांना त्या संगीतिकेचा राग नाही, तशी ओढही नाही. "ती आमच्याबद्दल नाही," असं त्या साधेपणाने म्हणतात. त्यात त्यांची परात नाही, घडीची भिंत नाही, महिनाअखेरीची धावपळ नाही.

आणि आता ती धावपळ खऱ्या आयुष्यातही नाही. एप्रिल 2018 मध्ये चर्चचे तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी होम टीचिंग बंद केल्याचं जाहीर केलं. त्याच्या जागी 'मिनिस्टरिंग' आलं, ज्यात दर महिन्याची भेट सक्तीची नाही, फोन किंवा मेसेजही चालतो. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तीन तासांचं रविवारचं चर्च दोन तासांवर आणल्याचं जाहीर झालं. मॉर्मन हा शब्दच वापरू नका, चर्चचं पूर्ण नाव घ्या, असंही त्यांनी सांगितलं. 2019 पासून मिशनवरची मुलं दर आठवड्याला घरी व्हिडिओ कॉल करू शकतात. त्याआधी नाताळ आणि मातृदिन असे वर्षातून दोनच फोन असायचे, आणि त्या दोन फोनांसाठी आया आठवडाभर आधी प्रश्नांची यादी करून ठेवायच्या. काकूंकडे तसल्या याद्या अजून आहेत, एका डब्यात. मी वाचल्यात. 'सर्दी गेली का' हा प्रश्न चारही मुलांच्या यादीत पहिला आहे.

म्हणजे त्या कच्च्या, घाईघाईत केलेल्या विनोदी सिनेमांत एक असं जगणं साठवलं गेलंय जे आता कुठेही बघायला मिळत नाही. चर्चचे दप्तरखाने जगात नावाजलेले आहेत, वंशावळी जपाव्यात त्या यांनीच. पण टाय सैल करत महिन्याच्या तीस तारखेला रात्री साडेनवाला पाचव्या घराची बेल वाजवणारा माणूस कसा दिसायचा, हे तिथल्या कागदांत नाही. ते 'द होम टीचर्स'मध्ये आहे. ज्यांनी तो काढला त्यांनी काही दस्तऐवज करायला घेतला नव्हता. त्यांना प्रोव्होचं थिएटर शुक्रवारी भरायचं होतं, आणि त्यासाठी प्रेक्षकांना माहीत असलेली गोष्ट चूक दाखवून चालणार नव्हतं.

हसवण्याचं काम इथे थांबलेलं नाही. ब्रिगम यंग विद्यापीठातल्या मुलांच्या विनोदी गटातून 'स्टुडिओ सी' उभा राहिला. 2012 पासून त्यांच्या छोट्या प्रहसनांनी टीव्हीवर आणि यूट्यूबवर सगळ्या जगाला हसवलं. तोंडावर फुटबॉल झेलत राहणारा त्यांचा गोलरक्षक भारतातल्या माझ्या भाच्यांनाही माहीत आहे. प्रोव्होतच 'ड्राय बार कॉमेडी' सुरू झाली, शिव्या नसलेलं स्टँडअप. फार चांगलं काम आहे आणि कौशल्य त्या जुन्या सिनेमांच्या कितीतरी पुढचं आहे. फक्त त्यात वॉर्ड दिसत नाही. सोज्वळपणा राहिला, पत्ता गेला.

काकूंचा नातू सध्या इथल्या विद्यापीठात चित्रपटाचं शिकतोय. मिशनवरून येऊन त्याला फार दिवस झालेले नाहीत. त्याने एका छोट्या फिल्मची संहिता लिहिलीय. दोन मिनिस्टरिंग भाऊ आहेत, त्यांना नेमून दिलेल्या घरी जायचं टाळून ते महिनोन्‌महिने मेसेजवर हसरे चेहरे पाठवतात. मग एका महिन्याला समोरून उत्तरच येणं बंद होतं, आणि आता बेल वाजवावी लागणार. बेल वाजवून बोलायचं काय, हे दोघांनाही माहीत नाही, कारण त्यांनी कधी कुणाची बेल वाजवलेलीच नाही. मी वाचताना खूप हसले, आणि काकूंचे यजमान तर डोळे पुसत होते. पहिल्याच पानावर मात्र एक पात्र दुसऱ्याला सांगतं की मिनिस्टरिंग म्हणजे काय. नातवाचं म्हणणं, महोत्सवाला पाठवायची आहे, परीक्षकांना कळायला हवं. मी त्याला म्हटलं, ते वाक्य काढ. तुझ्या आजोबांना ते लागत नाही, मला लागलं नाही, परीक्षकांनाही लागणार नाही. त्याने अजून काढलेलं नाही. रविवारी तो जेवायला येणार आहे, तेव्हा पुन्हा सांगणार आहे.